फियाटच्या पोटात कुणाचं इंजिन?

आपल्या हॉस्टेलच्या निम्म्याअधिक खोल्यांत भिंतीवर एक तरी मस्टँग किंवा डॉज चार्जर चिकटवलेली आहे. रात्री दोनला मेस बंद, लाईट गेलेले, आणि चर्चा काय, तर चार्जरमध्ये कुठलं इंजिन टाकावं! मी बदलापूरचा 'अप-डाउन'वाला असल्यामुळे या चर्चा मला दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये शिळ्या मिळतात. पण इंजिन-स्वॅप हा विषय आमच्या घरी अंगणात उभा आहे, तोही 2005 पासून, म्हणून हा लेख.

आमची गाडी 1973 सालची. सगळे फियाट म्हणतात, पण तिच्यावर खरं नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट' आहे. 1972 मध्ये फियाट हे नाव गेलं, 1974 पासून 'पद्मिनी' आलं, मधल्या थोड्या काळातली ही गाडी. आजोबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. 1981 मध्ये त्यांनी ती डोंबिवलीच्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली. 26 जुलै 2005 ला उल्हास नदी बदलापुरात शिरली तेव्हा ती अंगणात छपरापर्यंत पाण्यात होती. मी त्याच वर्षीचा, त्यामुळे पुढचं सगळं ऐकीव.

पाणी ओसरल्यावर काकांनी गाडी पुसली, बॅटरी बदलली आणि जीपला दोरी बांधून सेकंड गिअरवर क्लच सोडला. 'खट्' असा आवाज आला आणि मागची चाकं घासत गेली. व्हायवाला येऊ शकणारा प्रश्न: काय झालं असेल?

हिशेब करू. बोअर 68 मिमी, स्ट्रोक 75 मिमी, चार सिलिंडर, म्हणजे 1089 सीसी. एका सिलिंडरचे झाले 272. कॉम्प्रेशन रेशो साडेसात धरला तर पिस्टन सगळ्यात वर आल्यावर उरणारी जागा 272 भागिले 6.5, म्हणजे जेमतेम 42 सीसी. एका कटिंग चहाहून कमी! सिलिंडरमध्ये त्याहून जास्त पाणी असेल तर पिस्टन वर येऊ शकत नाही, कारण हवा दबते, पाणी दबत नाही. नुसता स्टार्टर मारला असता तर तो बहुधा अडून बसला असता. इथे पूर्ण जीप चाकांमधून इंजिन फिरवत होती. वाकला तो कनेक्टिंग रॉड. स्पार्क प्लग काढून इंजिन आधी हाताने फिरवलं असतं, तर पाणी भोकातून उडून गेलं असतं. दहा मिनिटांचं काम होतं. काका अजून हा विषय निघाला की चहा ठेवायला आत जातात.

मग गाडी उल्हासनगरला एका गॅरेजमध्ये गेली. मिस्त्रींनी 'हे उघडत बसण्यात अर्थ नाही' असं सांगून भंगारात निघालेल्या प्रीमियर 118 एनईचं इंजिन सुचवलं. ही 1985 मध्ये आलेली 118 एनई मुळात कंपनीनेच केलेला स्वॅप होता: बॉडी फियाट 124 ची, इंजिन निसानचं ए-12. (आपल्याकडे ज्या काँटेसाला लोक कौतुकाने 'इंडियन मसल कार' म्हणतात, तीसुद्धा 1984 मध्ये अँबॅसिडरचं 1489 सीसीचं इंजिन घेऊन आली. त्या अवाढव्य बॉडीला ते कसं ओढत असेल! इसुझूचं 1800 सीसीचं नंतर मिळालं.)

निसानचं इंजिन 1171 सीसी. फरक फक्त 82 सीसीचा, पण ताकद चाळीस-बेचाळीसवरून बावन्न अश्वशक्तीवर. कारण मापांत आहे. ए-12 चा बोअर 73 आणि स्ट्रोक 70. बोअर मोठा म्हणजे व्हॉल्व्हला जागा जास्त, आणि स्ट्रोक छोटा म्हणजे पिस्टनचा वेग कमी. सूत्र सोपं आहे: दोन गुणिले स्ट्रोक गुणिले आरपीएम भागिले 60. पाच हजार आरपीएमला फियाटचा पिस्टन सरासरी 12.5 मीटर प्रति सेकंदाने पळतो, निसानचा 11.7 ने. शिवाय फियाटच्या क्रँकशाफ्टला तीन मेन बेअरिंग, निसानच्या पाच. साहजिकच निसानचं इंजिन जास्त आरपीएमला निवांत राहतं.

कागदावर इतकं छान दिसणारं इंजिन गाडीत बसवताना मात्र खरी परीक्षा होते. त्याचं बेल-हाउसिंग फियाटच्या गिअरबॉक्सला जुळेना, म्हणून गिअरबॉक्सही निसानबरोबरचाच घ्यावा लागला. त्याची लांबी वेगळी, म्हणून प्रॉपेलर शाफ्ट कापून, वेल्ड करून परत बॅलन्स केला. इंजिन माउंटिंगच्या जागा वेगळ्या, म्हणून क्रॉसमेंबरवर नव्या ब्रॅकेट वेल्ड केल्या. आणि फियाटचा गिअर स्टीअरिंगला, निसानचा खाली जमिनीवर! त्यासाठी फ्लोअरला गॅस कटरने भोक पाडलं. या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. स्टीअरिंगवरची जुनी गिअरची दांडी मात्र आहे तिथेच ठेवली. ती आजही वरखाली हलते, पलीकडे कशालाही जोडलेली नाही. लहानपणी माझं सगळं ड्रायव्हिंग त्या दांडीवर झालं.

आता अमेरिका. मसल कारचा जमाना ज्या गाडीपासून मोजतात ती 1964 ची पाँटिअ‍ॅक जीटीओ हाही एक स्वॅपच. जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत 330 घन इंचाहून मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिअ‍ॅकच्या जॉन डिलोरियन आणि त्याच्या इंजिनिअरांनी टेम्पेस्ट या मध्यम गाडीत मोठ्या गाडीचं 389 घन इंचाचं, म्हणजे साधारण 6.4 लिटरचं व्ही-8 बसवलं आणि नवी गाडी न म्हणता 'ऑप्शन' म्हणून विकलं, म्हणजे वरची मंजुरी नको! पण इंजिनिअरच्या दृष्टीने गंमत पुढे आहे. टेम्पेस्टला आधीपासून मिळणारं 326 चं इंजिन आणि हे 389 बाहेरून जवळजवळ सारखंच. माउंटिंग तीच, गिअरबॉक्स जुळणारा. ना वेल्डिंग, ना भोक. चांगला स्वॅप बाहेरून दिसत नाही, तो असा.

या गाड्यांचा धंदा 1970 नंतर प्रदूषणाचे कायदे, विम्याचे हप्ते आणि 1973 चा तेलाचा तुटवडा यांनी बसला. ज्या उरल्या त्यांचे आता लिलाव होतात. जून 2014 मध्ये सिअ‍ॅटलच्या मेकम लिलावात 1971 ची उघड्या टपाची प्लिमथ हेमी कुडा 35 लाख डॉलरला गेली. सात लिटरचं हेमी इंजिन असलेल्या तसल्या कुडा त्या वर्षी जेमतेम डझनभर बनल्या होत्या. (प्लिमथ हे नाव परकं वाटून घेऊ नका. 1947 पासून आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात होत्या. फियाट नंतर आली.) लिलावात बोली लावणारा आधी बॉनेट उघडून इंजिनावर ठोकलेला नंबर वाचतो. तो त्याच गाडीचा निघाला तर 'मॅचिंग नंबर्स', आणि भाव कुठल्या कुठे. तसंच दुसरं इंजिन टाकलेली हुबेहूब गाडी बरीच स्वस्त जाते. अर्थात जुन्या बॉडीत मुद्दाम नवं इंजिन घातलेल्या गाड्यांनाही तिथे वेगळा बाजार आहे.

आपल्याकडे तो दुसरा रस्ता जवळपास बंद आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच स्पष्ट केलं. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांसाठी रीतसर परवानगीची सोय आहे, ती वेगळी. पहिला रस्ता मात्र 2021 मध्ये उघडला. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, आणि आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती काढता येत नाही. अट एकच मोठी: गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी-शेल किंवा इंजिनात बदल नको.

आमच्या गाडीला 2023 मध्ये 50 पूर्ण झाली. आजोबा आता 84 वर्षांचे आहेत. त्यांची इच्छा एवढीच, की एकदा तिच्यातून अंबरनाथच्या शिवमंदिराला जायचं. पण इंजिन निसानचं, फ्लोअरला भोक, आणि काकांनी 2005 मध्ये इंजिनबदलाची नोंद केलीच नाही. ही आमच्याच घरची चूक. नोंदणीची मुदतही केव्हाच संपलेली. त्या चुकीतला एक फायदा माझ्या लक्षात आला: आरसी बुकात अजून जुन्याच इंजिनाचा नंबर आहे. आणि जुनं इंजिन गोठ्यात, कडब्याच्या मागे, ताडपत्रीखाली पडलेलं होतं!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघा मित्रांनी ते बाहेर काढलं. इंजिन फिरेना. प्लगच्या भोकांतून रॉकेल आणि ऑइल ओतून ठेवलं, चौथ्या दिवशी हललं. हेड काढल्यावर चारही पिस्टन आळीपाळीने वर आणून मोजले. तीन सारख्या उंचीला, तिसऱ्या नंबरचा 2.4 मिमी खाली. वाकलेला रॉड न उघडता सापडतो तो असा. मग ब्लॉक कॉलेजच्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये आणून (लॅब असिस्टंट सरांचे आभार, त्यांनी टेबलवर जाड पुठ्ठा घातला) बोअर गेजने मापं घेतली. वरच्या टोकाला आडवं 68.14, क्रँकच्या दिशेने 68.08, खाली 68.02. बाकीचे तीन 0.4 मिमीने बोअर करून चालतील. म्हणजे इंजिन 1102 सीसीचं होईल, हा बदल समजायचा की दुरुस्ती, हे मी कुणालाच विचारलेलं नाही. तिसऱ्यात पाणी साचून गंजाचे खड्डे पडलेत, त्याला स्लीव्ह घालावी लागेल. क्रँकला रॉकेल लावून, पुसून, खडूची पूड फासली. भेग असती तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन रेघ उमटली असती. उमटली नाही.

राहिला नंबर. ठोकलेले आकडे गंजाने भरलेले, शेवटचा 3 की 8, कळेना. कोरायला जाऊ नका असं सरांनी बजावलं होतं. आकड्यांना हात लावला की गाडी संशयित होते. वायर ब्रशही नको, म्हणून रॉकेलात भिजवलेल्या टूथब्रशने अर्धा तास घासलं. मग आरटीओत चासी नंबरचा घेतात तसा पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलने छाप घेतला. कागदावर आकड्याची डावी बाजू बंद दिसली. 8. आरसी बुकातही 8.

ब्लॉक आता उल्हासनगरला त्याच मिस्त्रींकडे स्लीव्हसाठी गेला आहे. ब्रॅकेट ग्राइंडरने निघतील, पण फ्लोअरच्या भोकावर पत्रा वेल्ड केल्यावर बॉडी-शेल 'मूळ' धरतील का, ते तपासणीतच कळेल. आजोबांनी छापाचा कागद मागून घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, "आणि ती स्टीअरिंगची दांडी, ती जोडणार ना रे?"