छपरावर गवत लावले, तर मांगर हिशेबातून सुटतो का?

प्रश्न : आमचं घर देवबागात, कर्ली खाडीच्या बाजूला. चिऱ्याचं, कौलारू. मागच्या माडांत वडिलांच्या वेळचा मांगर आहे, साधारण २०० चौरस फुटांचा. जाळी, सोडणं, चुलीची लाकडं त्यात असतात. तौक्ते वादळात त्याचे लोखंडी पत्रे उडाले, तेव्हापासून वर ताडपत्री आहे. आता तो थोडा वाढवून, वर स्लॅब टाकून, स्लॅबवर माती घालून गवत लावायचं आणि पर्यटकांसाठी एक खोली करायची असा विचार आहे. ठेकेदार म्हणतो, ‘हिरवं छप्पर असलं की ती जागा मोकळीच धरतात, परवानगी लागत नाही.’ इंग्लंडमधल्या भाच्यानेही बागेतल्या खोलीवर विनापरवाना असंच गवत लावलंय. आम्हाला करता येईल का? मांगराची घरपट्टी आम्ही नियमित भरतो.
— एक वाचक, देवबाग

उत्तर : ठेकेदाराच्या भरवशावर एक चिराही हलवू नका. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे. तिच्यात आच्छादित क्षेत्र म्हणजे जोत्याच्या लगेच वर इमारतीने व्यापलेली जमीन. छप्पर कौलांचे, पत्र्याचे की गवताचे, याचा त्या मोजमापाशी संबंध नाही. बाग, रोपवाटिका, विहीर, झाडाभोवतीचा पार ही या क्षेत्रातून वगळली आहेत खरी आणि ठेकेदाराच्या कानावर बहुधा तेच आले असावे. पण ती सूट जमिनीवरच्या बागेला आहे, खोलीच्या डोक्यावरच्या बागेला नाही. हरित इमारतींना ३, ५ किंवा ७ टक्के जादा चटईक्षेत्र मिळते, तेही संपूर्ण इमारतीला ठरावीक मानांकन मिळाल्यावर. चार वाफे गवताला ते मिळत नाही.

भाच्याचे उदाहरण इथे चालणार नाही. इंग्लंडमध्ये मूळ घर सोडून उरलेल्या आवाराच्या निम्म्यापर्यंत जागा अशा जोडबांधकामांनी परवानगीशिवाय व्यापता येते, उंचीच्या आणि इतर अटी पाळून. गवताचे छप्पर तिथेही त्या निम्म्यात धरतातच. आपल्याकडे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय करता येते ती आतली दुरुस्ती किंवा इमारतीचे बाह्यरूप फारसे न बदलणारे काम. पत्र्याच्या जागी स्लॅब आणि त्यावर माती हे त्यात बसवणे अवघड आहे. जोते वाढवले तर प्रश्नच मिटला, परवानगी हवीच.

पण तुमच्या बाबतीत याहून मोठा अडसर किनारा नियमन क्षेत्राचा, म्हणजे सीआरझेडचा आहे. देवबाग ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी वाळूची चिंचोळी पट्टी. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर हा ना-विकास पट्टा. गावाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा दाट असेल तर ५० मीटर. खाडीच्या बाजूने ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतले जे कमी असेल ते. दोन्हीकडून रेषा आखल्या की देवबागात मोकळी जमीन किती उरते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. शिवाय मालवणचा किनारा याच अधिसूचनेत अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत आहे.

ना-विकास पट्ट्यातही अधिकृत जुन्या बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, मात्र असलेले जोत्याचे क्षेत्र आणि असलेले चटईक्षेत्र ओलांडता येत नाही. म्हणून तुमच्या वडिलांनी घातलेले ते २०० चौरस फुटांचे जोते हीच तुमची खरी मिळकत आहे. ‘थोडा वाढवून’ हे दोन शब्द आराखड्यातून काढून टाका.

आता ‘अधिकृत’ हा शब्द. घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा कर भरल्याचा पुरावा आहे, बांधकाम अधिकृत असल्याचा नव्हे. तरीही जुने उतारे शोधा, कारण मांगर किती वर्षांपासून उभा आहे हे त्यांवरून दाखवता येते. सातबाऱ्यावर सहहिस्सेदार असतील तर त्यांची लेखी संमती आधीच घ्या. कोकणातली बरीच प्रकरणे सीआरझेडपर्यंत पोहोचण्याआधी इथेच अडतात.

पर्यटकांना ठेवण्याचा मार्ग कायद्याने बंद केलेला नाही, ही चांगली बाजू. मच्छीमारांसह स्थानिकांना घरगुती निवासाची सोय करण्यास २०१९ ची अधिसूचना मुभा देते, पण असलेल्या घराचे जोते, रचना आणि दर्शनी रूप न बदलता. ही मुभा घराला आहे, जाळी ठेवण्याच्या मांगराला नाही. स्वतः राहण्याच्या ३०० चौरस मीटरपर्यंतच्या घराला स्थानिक प्राधिकरण परवानगी देऊ शकते, तेही सीआरझेडचे नियम तपासूनच. भाड्याची खोली त्यात बसेल असे मला वाटत नाही. त्यामुळे खोली राहत्या घरातच काढा. पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेतली नोंदणी ही बांधकाम परवानगी नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

पंचायतीने होकार दिला म्हणजे झाले, असे समजू नका. कोचीजवळच्या मरडूमध्ये पंचायतीच्या परवान्यांवर उभी राहिलेली चार संकुले सीआरझेडच्या भंगामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी २०२० मध्ये स्फोटांनी पाडली गेली. तिथल्या कुटुंबांनी घरे विकत घेतली होती, कागद बघूनच.

आणि एक गोष्ट कायद्याबाहेरची. भिजलेली १० सेंटिमीटर माती चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलो भरते. म्हणजे तुमच्या मांगरावर तीन टनांच्या आसपास, स्लॅबचे वजन वेगळे. लोखंडी पत्र्यासाठी घातलेल्या भिंतींना हे पेलेल असे गृहीत धरू नका. खाऱ्या वाऱ्यात सळ्या लवकर गंजतात, आणि मातीखाली सतत ओल राहिली की गळती खोलीत उतरते तेव्हाच कळते. गारवाच हवा असेल तर मांगरावर पुन्हा हलके छप्पर घाला आणि पावसाळ्यात त्यावर भोपळ्याचा वेल चढवा, किंवा शेजारी दोडकी-पडवळाचा उघडा मांडव करा. जोते वाढत नाही आणि भाजीही मिळते.

ताडपत्री काढण्याआधी जोत्याचे माप घेऊन चारही बाजूंनी तारखेसह फोटो काढा. मग मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर तुमचा गट क्रमांक कोणत्या पट्ट्यात येतो, हे जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देऊन विचारा. छप्पर बदलण्याचा अर्जही लेखी द्या आणि उत्तर लेखीच घ्या. ते हाती येईपर्यंत ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नका.