दोनदा हात लावला

आजचं वचन : मार्क 8:22-25

बेथसैदात येशूनं एका आंधळ्याच्या डोळ्यांवर हात ठेवले आणि विचारलं, काही दिसतंय का? त्यानं खरं सांगितलं : माणसं दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखी. मग प्रभूनं परत हात ठेवले. हा प्रसंग फक्त मार्कनंच लिहिलाय.

इथे नागपुरात सेवा करताना आपल्याला घाई असते. वस्तीत दोन भेटी दिल्या, प्रार्थनेला कुणी आलं नाही, की लगेच निराश! मागच्या महिन्यात माझ्या मिस्टरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तरी काही दिवस सगळं धूसरच. डॉक्टर म्हणाले, थेंब वेळेवर टाका, चष्म्याचा नंबर नंतर काढू. ऑपरेशन फेल गेलं असं कुणी म्हटलं नाही.

1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशानं नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लक्ष्मीबाईंशी ताटातूट झाली. काही वर्षांनी त्या परत आल्या, तरी सोवळं लगेच सुटलं नाही. त्यांचा बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये. मला तर टिळकांच्या कवितांपेक्षाही ही वाट पाहणं मोठं वाटतं.

तुमच्या घरात कुणाला अजून झाडंच दिसतायत का? वाद घालू नका. आज त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करा.

उद्या 27 व्या वचनापासून वाचू. तिथे पेत्र येशूला ख्रिस्त म्हणतो, आणि तीनच वचनांनंतर त्यालाच दटावायला लागतो!