लाकडाचं सीताफळ विकताय? आधी मजुरी धरा!

सावंतवाडीची लाकडी फळं तुम्ही पाहिली असतील. आंबा, केळी, वांगी, सगळं हुबेहूब. बीडमध्ये बसून त्यांचीच नक्कल कशाला? आपल्याकडे सीताफळ आहे, बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय.

१) लाकूड: हलकं आणि पूर्ण वाळलेलं घ्या. ओलं असलं तर नंतर तडकतं, रंग सुटतो.

२) कोरीव काम: खरं फळ समोर ठेवा. आधी गोल आकार, मग डोळे.

३) रंग: आधी अस्तर, मग हिरवा. डोळ्यांमधल्या खाचांत फिकट पिवळा भरला की फळ पिकल्यासारखं दिसतं.

४) हिशोब: समजा लाकूड ४० रुपये, रंग ३० रुपये, काम ३ तास. १५० ला विकलं तर हातात उरतात ८०. म्हणजे तासाला २७ रुपयेसुद्धा नाहीत! तासाची मजुरी ८० धरली तर खर्चच ३१० होतो. नफा त्याच्यावर.

लक्षात ठेवा: जीआय फळाला आहे, लाकडी वस्तूला नाही. लेबलवर तसं छापू नका.

गृहपाठ: घड्याळ लावून एक नग बनवा. वेळ वहीत लिहा, मगच गिऱ्हाइकाला भाव सांगा.