उत्तेजक द्रव्ये आणि मल्लाची जबाबदारी

नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिव येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली. जिल्ह्यातील वस्तादांनी व क्रीडाशिक्षकांनी याच किताबाचे सलग तीन वेळा मानकरी ठरलेल्या नरसिंग यादव यांचे प्रकरण अवश्य अभ्यासावे. २०१६ मध्ये त्यांच्या चाचणीत मेथँडाइनोन हे स्नायुवर्धक द्रव्य आढळले. ते आपल्या नकळत अन्नपेयात मिसळले गेले, हे त्यांचे म्हणणे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या शिस्तपालन समितीने ग्राह्य धरले. तथापि रिओतील लढतीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्ट रोजी, क्रीडा लवादाने त्यांच्यावर चार वर्षांची बंदी घातली. नियम कठोर खरा. परंतु द्रव्य शरीरात कसे शिरले, हे खेळाडूनेच सिद्ध करावयाचे असते. आजारपणातही डॉक्टरांस आपण स्पर्धक असल्याचे आधी सांगावे. अपरिहार्य औषधासाठी परवानगीची तरतूद आहे.