जुना लॅपटॉप मोडीत काढण्यापूर्वी



ऊसबिलाचा हिशेब, सात-बारा, मुलांचा अभ्यास अशा कामांसाठी आपल्या बऱ्याच घरांत लॅपटॉप आला आहे. त्यातल्या विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना तेवढी वाढीव मुदत दिली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. त्यामुळे धडधाकट मशीनही 'आता बदला' या यादीत जाते. नव्या लॅपटॉपला बिलाचा मोठा हिस्सा जातो. म्हणून घाई नको. दुसरी वाट आहे, ती लिनक्सची.

लिनक्स म्हणजे काय?

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे मशीनचा कारभारी. लिनक्स या कारभाऱ्याचा गाभा १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला. पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. कोणीही वापरावा, बदलावा. मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला दिली तर तिची मूळ लिखावटही खुली द्यावी, असा त्याचा परवाना. सहकारात वाढलेल्या आपल्याला यातले मर्म वेगळे सांगायला नको.

लिनक्सचे अनेक वाण आहेत. नवख्याला 'लिनक्स मिंट' सोपे पडते, कारण त्याची मांडणी विंडोजसारखीच आहे. जुन्या मशीनला त्याची 'एक्सएफसीई' आवृत्ती हलकी जाते. दोन जीबी रॅमवर ते सुरू होते, पण नीट कामाला चार जीबी हवी.

आधी दोन सऱ्या लावून बघा

उसाचे नवे बेणे आले म्हणून आपण सगळे रान एकदम मोडत नाही. इथेही तसेच करावे.

१. सर्व फायली, फोटो, हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि तिथे उघडतात का ते बघा.

२. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाईल उतरवा. आठ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर ती 'रूफस' किंवा 'एचर'ने लिहा. नुसती कॉपी करून भागत नाही.

३. मशीन सुरू होताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे बटण बदलते) दाबून पेनड्राइव्ह निवडा. 'इन्स्टॉल'ला हात न लावता लिनक्स तसेच चालवा. डिस्कवरच्या मजकुराला धक्का लागत नाही.

४. वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी टायपिंग तपासा. सगळे जमले तरच पुढे जा.

कुठे अडते?

ब्राउझरमधली कामे पूर्वीसारखीच होतात. वर्ड-एक्सेलच्या बहुतेक फायली 'लिब्रेऑफिस'मध्ये उघडतात. मॅक्रो असलेल्या मात्र बिघडू शकतात. युनिकोड मराठी नीट दिसते, पण श्रीलिपी वा कृतिदेवमधले जुने मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावेत. टॅली विंडोजसाठीच बनते. डिजिटल सहीच्या डोंगलचे आधी विचारून घ्यावे. अशा कामांवर ज्याचे घर चालते, त्याने विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवावे.

एका सभासदाच्या मुलाने उत्साहाच्या भरात 'डिस्क पुसून बसवा' हा पर्याय निवडला. लिनक्स छान बसले, पण सहा वर्षांचा शेतीचा जमाखर्च गेला, तो गेलाच. दुसरी प्रत कुठेच नव्हती. चूक लिनक्सची नव्हती, घाईची होती.

तेव्हा पहिला खर्च पेनड्राइव्हचा आणि एका रविवारचा करा. जमले तर लॅपटॉप आणखी काही वर्षे चालेल आणि पैसा घरात राहील. नाही जमले तर पेनड्राइव्ह काढून घ्या. मशीन जसेच्या तसे आहे. सभासदांनी, विशेषतः शिकत्या मुलांना बरोबर घेऊन, हा प्रयोग जरूर करून पाहावा, ही विनंती.