लोकहिताच्या दाव्याची पूर्वतयारी

वैनगंगेच्या रेतीघाटांवरील बेसुमार उपशाविरुद्ध दाद मागू पाहणाऱ्या भंडारा जिल्ह्यातील एका लहानशा संस्थेचे दप्तर मी दीर्घकाळ सांभाळले, आणि त्यावरून माझे असे मत बनले की, लोकहिताचे पुष्कळसे दावे न्यायासनापुढे उभे राहण्याआधीच हरलेले असतात.

पात्रात यंत्रे उतरलेली साऱ्या गावाने पाहिली होती. निवेदने गेली, स्मरणपत्रे गेली, मोका-चौकशीची आश्वासने आली, आणि या सौजन्यपूर्ण पत्रव्यवहारात राष्ट्रीय हरित अधिकरणाच्या २०१० च्या कायद्यातील कलम १४ ची सहा महिन्यांची मुदत, तसेच सबळ कारण दाखविल्यास मिळू शकणारे वाढीव साठ दिवसही, निघून गेले. कचेरीत अर्ज पडून आहे म्हणून मुदत थांबत नाही. पर्यावरण-मंजुरीलाच आव्हान द्यावयाचे तर कलम १६ प्रमाणे मूळ मुदत अवघ्या तीस दिवसांची; नुकसानभरपाई आणि पात्र पूर्ववत करून घेण्यासाठी मात्र कलम १५ पाच वर्षे देते, व आम्हांस अखेर त्याच कलमाचा आश्रय घ्यावा लागला. म्हणून अर्ज धाडतानाच वकिलाची गाठ घ्यावी.

दुसरे असे की, संतापाला पुराव्याचे मोल नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान गौण खनिजपट्ट्यांनाही पर्यावरण-मंजुरी आवश्यक ठरविली; तेव्हा त्या मंजुरीची नक्कल मिळवून तिच्यातील अटींशी पंचनामे व तारीखवार छायाचित्रे ताडून पाहावीत. महसुली नोंद किती भारी पडते हे झुडपी जंगलाच्या वादात दिसले: जुन्या दप्तरांतील त्या नोंदीमुळे भंडाऱ्यासह पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांच्या जमिनी वन ठरतात, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय येण्यास २२ मे २०२५ उजाडावा लागला. सातबारा, निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांच्या नकलांवाचून वकालतनाम्यावर सही करू नये.

तिसरी गोष्ट याचिकाकर्त्याची. त्याचा हेतू पारखून घेण्याचा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बलवंतसिंग चौफाल प्रकरणात घातला असल्याने संस्थेचा ठराव व हिशेब चोख असावेत; आणि ज्यांची रोजी घाटावर आहे ते मजूर व ज्यांची मासळी पात्रात आहे ते ढिवर, यांच्याशी दाव्याआधीच बोलावे, कारण मनाई हुकूम झाल्यानंतरही रात्री कोणता ट्रॅक्टर पात्रात उतरला, हे न्यायालयाला सांगू शकणारे साक्षीदार तेच असतात.