देव ग्रुपमध्ये आहे का?

एकट्यानं लेकरं वाढवणाऱ्यांशी आज थोडं बोलायचंय. कुणाचा नवरा गेलेला, कुणाची बायको, कुणाला जोडीदारानं सोडलेलं. कारण काही असो, रात्री साडेनऊला भांडी आवरली की घरात जी शांतता पसरते, ती सगळ्यांची सारखीच. तेव्हा हातात फोन येतो. घरात दुसरं मोठं माणूस नसलं की फोनच ते माणूस होतो. त्यालाच सांगायचं, त्यालाच विचारायचं, त्याच्यावरच चिडायचं.

मीही तेच करत होते. मागच्या वर्षी थोरली नववीत होती. सहामाहीला गणितात नापास झाली आणि माझे हातपाय गळाले. रात्रीच मंडळीच्या ग्रुपवर लिहिलं, मुलीसाठी प्रार्थना करा, अभ्यासात लक्ष नाही, मोबाइलचं वेड लागलंय, बापाविना पोर आहे. बघता बघता जोडलेल्या हातांची रांग लागली. मला खरंच हलकं वाटलं. पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर तीन मावश्यांनी तिला गाठून समजावलं. एकीनं तर तिच्या पप्पांची आठवण काढून डोळ्याला पदर लावला. घरी येईपर्यंत पोरगी गप्प. दारात चपला काढताना एवढंच म्हणाली, "आई, देवालाच सांगायचं होतं ना? तो आहे का ग्रुपमध्ये?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लावून घे. आमच्या दोन खोल्यांच्या घरात मधल्या दाराला कडीच नाही, असं मी संडे स्कूलच्या मुलांना हसून सांगायचे. कडी फोनला लावायची होती, हे लेकीनं दाखवलं. लेकराचा निकाल, त्याचं दुखणं, त्याचं रात्रीचं रडणं हे त्याचं असतं. आपल्यालाही मन मोकळं करायला जागा हवी, नाही कोण म्हणतं? पण ती जागा म्हणजे एखादी मैत्रीण, पाळकबाई, सख्खी बहीण. दीडदोनशे जणांचा ग्रुप नव्हे. आता मी विनंती टाकते ती "एका घरासाठी प्रार्थना करा" एवढीच. नाव नाही, कारण नाही. देवाला पत्ता सापडतो.

लेकीचं कुणाशी आणि कसं बोलावं, याचा विचार करताना मला रमाबाई आठवतात. श्रीगोंद्याहून रेल्वेनं दौंडमार्गे पुण्याला जाताना केडगाव लागतं. नगरशेजारचं नव्हे, दौंड तालुक्यातलं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथंच आहे. आपण त्यांना विदुषी म्हणतो, त्यांनी केलेल्या बायबलच्या भाषांतराचं कौतुक करतो. पण त्या आपल्यासारख्याच एकट्या आई होत्या, हे फारसं कुणी बोलत नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये त्यांचे पती बिपिनबिहारी गेले तेव्हा लेक मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. नंतर रमाबाई अमेरिकेत काम करत असताना मनोरमा काही काळ वाँटेजच्या धर्मभगिनींकडे राहिली. मुलीला धर्माचं काय शिकवायचं, तिला काय खाऊ घालायचं, यावरून रमाबाईंचे त्या भगिनींशी पत्रांतून चांगले खटके उडाले. माझ्या लेकीच्या श्रद्धेचा निर्णय दुसऱ्या कुणी का घ्यावा, हा त्यांचा रोखठोक सवाल होता. ती पत्रं गोडगोड नाहीत. पण वाद ज्यांच्याशी, पत्र त्यांनाच, आणि खाली स्वतःचं नाव.

आपण काय करतो? नणंदेचा राग आला की स्टेटसला शास्त्रातलं वचन. तिला कळतं, सगळ्या गावालाही कळतं. मीही केलंय, म्हणून सांगते. वचन म्हणजे जावेला मारायचा दगड नव्हे.

खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा फॉरवर्डलाही लागू आहे, हेही मला उशिरा कळलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावानं पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे डवरी गोसावी होते, भिक्षा मागून पोट भरणारे. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेनं त्यांचा जीव घेतला. ती अफवा पुढं पाठवणाऱ्यांत कितीतरी आईबापच असतील, आणि लेकरांच्या काळजीपोटीच पाठवत असतील. आपण एकटे म्हणजे आपली काळजी दुप्पट, बोट घसरायची भीतीही दुप्पट.

आणखी एक, चटकन सांगते. परदेशातला कुणी "पास्टर" गोड बोलून ओळख वाढवतो, भेटवस्तू पाठवतो आणि मग ती कस्टममध्ये अडकली म्हणून पैसे मागतो. एकट्या बाईला असे लोक बरोबर हेरतात. लाजू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

फोन दूर ठेवायची वेळही ठरवता येते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद होतात. आपल्याकडे भोंगा नाही. पण मार्काच्या पहिल्याच अध्यायात येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात जातो. सगळे तुला शोधतायत, असं शिष्य सांगत येतात. तरी तो त्या गर्दीकडे परत वळत नाही, दुसऱ्या गावांकडे निघतो. शोधणाऱ्यांत आजारी माणसंही असतील. आपल्याला मात्र ग्रुपवर कुणी "सुप्रभात" टाकलं तरी लगेच उत्तर द्यावंसं वाटतं.

आमच्याकडे आता रात्री नऊला दोन्ही फोन पिठाच्या डब्यावर जातात, आधी माझा. मग तिघांची प्रार्थना, पाचेक मिनिटांची. थोरली अजून माझ्यासमोर मोठ्यानं प्रार्थना करत नाही, मनातच करते. मी विचारत नाही. धाकटा रोज कुरकुरतो, आणि डब्याचं झाकण पिठानं भरलेलं असतं म्हणून फोन सकाळी पुसावा लागतो.